खडी फार लांब का जात नाही?

पहिला मोठा पाऊस झाला की खड्ड्यांचे फोटो यायला लागतात. पाठोपाठ कंत्राटदाराचं नाव येतं, चौकशीची मागणी येते आणि कुणीतरी विचारतंच, ‘दर वेळी काम याच माणसाला कसं मिळतं?’ प्रश्न रास्त आहे. फोनचे भाग परदेशातून येतात, कपडे जहाजातून येतात, गाडीचे सुटे भाग चार देशांतून गोळा होतात. रस्त्याची खडी मात्र जवळच्या खाणीतूनच येते. ती पसरणारा बहुतेकदा त्याच खाणीचा किंवा दगड फोडणाऱ्या क्रशरचा मालक असतो, आणि पुष्कळदा त्याचे वडीलही हाच धंदा करत असत.

साटंलोटं नसतंच असं मी म्हणणार नाही, त्यावर पुढे बोलू. पण त्याच्याही आधी दोन साध्या गोष्टी येतात. दगड जड असतो, आणि डांबर थंड होतं. खडी आणि डांबरीकरणाचा धंदा कसा जन्मला, कसा वाढला आणि जिथे जन्मला तिथेच का राहिला, याची उत्तरं या दोन वाक्यांतून निघतात.

आधी खडी म्हणजे काय ते पाहू

दगडाचे तुकडे दोन तऱ्हांनी मिळतात. नदीने किंवा हिमनदीने वाहून आणलेले, घासून गुळगुळीत झालेले गोटे नुसते उपसायचे आणि चाळायचे. दुसरी तऱ्हा म्हणजे डोंगराला सुरुंग लावून सुटलेला डबर यंत्रात फोडायचा. ही फोडलेली खडी, म्हणजेच गिट्टी.

फरक आकाराचा. गोट्यांनी भरलेल्या पोत्यावर उभं राहिलात तर पाय सरकतो. फुटलेल्या फरशीच्या तुकड्यांच्या ढिगावर सरकत नाही, कारण कोपरे एकमेकांत अडकतात. रस्त्याची ताकद मुख्यतः या अडकण्यातून येते.

मापांचं मिश्रणही तितकंच महत्त्वाचं. प्रवासाची बॅग भरताना मोठे कपडे ठेवून झाले की फटींत मोजे कोंबतो, तसंच मोठ्या खडीच्या फटींत मधली खडी, तिच्या फटींत बारीक आणि शेवटी कच. मोकळी जागा जितकी कमी, तितकं पाण्याला शिरायला वाव कमी. क्रशरच्या आवारात खडीचे मापांप्रमाणे वेगवेगळे ढीग दिसतात ते यासाठीच. नुसत्या एका मापाचा ढीग कितीही मोठा असला तरी त्याचा रस्ता होत नाही.

तोंडात मावेल एवढा दगड

खडीला मापं लावण्याचं श्रेय ज्याला मिळालं तो जॉन लाउडन मॅकॲडम. जन्म १७५६, स्कॉटलंड. त्याच्या आधीही रस्त्याचा शास्त्रशुद्ध विचार झाला होता. फ्रान्समध्ये त्रेझागे यांनी १७७५ च्या सुमारास थरांची पद्धत मांडली. मॅकॲडमचा समकालीन थॉमस टेलफर्ड तळाला मोठे दगड हाताने रचून घ्यायचा. रस्ता उत्तम व्हायचा, पण खर्च आणि मेहनत डोळे पांढरे करणारी.

मॅकॲडमने १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी घेतली आणि मोठ्या दगडांचा पायाच काढून टाकला. त्याचं म्हणणं असं की वजन दगड पेलत नाहीत, खालची जमीन पेलते. कोरडी जमीन वाट्टेल तेवढं वजन घेते, भिजलेली बसते. म्हणून रस्त्याचं पहिलं काम खालची जमीन कोरडी ठेवणं. मला हे छपरासारखं वाटतं: वजन पेलायला नसून आत पाणी येऊ नये म्हणून घातलेलं छप्पर. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घ्यायचा, कडेला चर खणायचा आणि मधोमध हलका फुगवटा द्यायचा. ३० फूट रुंदीच्या रस्त्याला कडेपेक्षा मध्य तीन इंच उंच, एवढाच.

दगडाबद्दल मात्र तो अतिशय काटेकोर होता. वरच्या थरातला एकही तुकडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड नको. गाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीच्या, म्हणजे धावेच्या, रुंदीपेक्षा दगड पुष्कळ लहान असला तर चाक त्याला उचकटू शकत नाही, उलट दाबून बसवतं. आता रस्त्याच्या कडेला शेकडो माणसं दगड फोडत बसलेली असताना प्रत्येक तुकडा तोलणार कोण? मजुरांना सांगितलेली खूण सोपी होती: तुकडा तोंडात मावला पाहिजे. हातात छोटा हातोडा, मांडी घालून बसलेला माणूस, शेजारी वाढत जाणारी रास, आणि शंका आली की धुळीने माखलेला दगड तोंडापाशी. आजच्या प्रयोगशाळेतल्या चाळण्यांचा पूर्वज म्हणजे हे तोंड.

या कामाला बसून करता येईल अशी माणसं लागत, म्हणून म्हातारे, बायका, मुलं आणि कैदी यांच्याकडूनही ते करून घेतलं गेलं. दगड रस्त्याच्या कडेलाच फुटत असल्यामुळे खडीचा असा वेगळा धंदा अजून नव्हता. मजुरी होती, माल होता, पण दुकान नव्हतं.

जबडा आला आणि आवार आलं

ते दुकान एका यंत्राने दिलं. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एली व्हिटनी ब्लेक यांनी १८५८ मध्ये दगड फोडण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. रचना अगदी साधी. दोन जाड लोखंडी पट्ट्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या, एक स्थिर, दुसरी पुढेमागे हलणारी. दार आणि चौकट यांच्यात बोट सापडावं तसा दगड मध्ये सापडतो, फुटतो, खाली घसरतो, पुन्हा सापडतो. त्याला आजही जबड्याचं क्रशर म्हणतात आणि तत्त्व तेच आहे.

पण हे धूड रस्त्याकडेने रोज पुढे सरकवता येत नव्हतं. मग दगड यंत्राकडे यायला लागला, फुटलेली खडी गाड्यांतून रस्त्याकडे जायला लागली. खाण, क्रशर, चाळण्या, ढीग आणि फाटकापाशी वजनकाटा असं आवार तयार झालं. १८६० च्या दशकात वाफेचे रोलर आले आणि दबाईही यंत्राकडे गेली. खडी आता विकायची वस्तू झाली, आणि त्याच क्षणी तिच्या वजनाचा प्रश्न सुरू झाला.

मोटार आली, धूळ उडाली

मॅकॲडमच्या रस्त्याचं एक गुपित होतं. लोखंडी धावा दगडाला रगडत, त्यातून भुकटी होई, ती भुकटी पावसाच्या पाण्याने फटींत बसे आणि रस्ता आणखी घट्ट होई. थोडक्यात, वापरानेच रस्ता सुधारायचा. मग रबरी टायरांच्या वेगवान मोटारी आल्या. हे टायर दगड रगडत नाहीत, पण फटीतली भुकटी मात्र ओढून बाहेर फेकतात. शंभर वर्षं टिकलेली युक्ती दहा-वीस वर्षांत निकामी झाली आणि रस्त्याकडेच्या घरांत धुळीचे थर बसायला लागले.

उपाय डांबराचा. मोनॅकोमध्ये १९०२ साली गुल्येल्मिनेती नावाच्या स्विस डॉक्टरच्या सूचनेवरून रस्त्यावर डांबर पसरून धूळ बसवली गेली. इंग्लंडमध्ये एडगर हूली या अभियंत्याने १९०१ मध्ये एका कारखान्याजवळ रस्त्यावर डांबराचं पिंप सांडलेलं पाहिलं. घाण झाकायला कुणीतरी लोखंडाच्या भट्टीतली मळी (स्लॅग) वर टाकली होती, आणि नेमका तेवढाच तुकडा गुळगुळीत आणि बिनधुळीचा झाला होता. पुढच्याच वर्षी त्याने मिश्रणाचं पेटंट घेतलं. ‘टारमॅक’ हा शब्द तिथला, त्यातला ‘मॅक’ अर्थात मॅकॲडमचा.

इथे एक खुलासा. आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो त्यात दोन वेगळे पदार्थ मिसळले गेले आहेत. हूलीचं डांबर दगडी कोळशापासून निघालेलं. आज रस्त्यावर वापरतात ते बिटुमेन, म्हणजे खनिज तेलातून पेट्रोल-डिझेल काढून झाल्यावर तळाशी उरणारा काळा चिकट ऐवज. काही ठिकाणी ते निसर्गातही सापडतं. त्रिनिदादमध्ये त्याचं अख्खं तळं आहे. पुढे मी डांबरच म्हणेन, पण अर्थ बिटुमेन.

शंभर किलो रस्त्यात पाचच किलो डांबर

काळा रस्ता पाहून वाटतं की हा सगळा डांबराचा. प्रत्यक्षात वजनाने साधारण ९५ टक्के दगड आणि ५ टक्के डांबर. डांबर हा गोंद आहे, तोही पातळ हाताने लावलेला.

एक हिशेब करून पाहू. एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्ता, वर पाच सेंटिमीटर डांबरी थर. घनफळ ३५० घनमीटर, दाबलेल्या मालाचं वजन घनमीटरला सुमारे २.३५ टन, म्हणजे ८२० टनांच्या आसपास. त्याखाली ३० सेंटिमीटर खडीचा पाया धरला तर आणखी ४,६०० टन. एकूण साधारण ५,४०० टन. एका डंपरमध्ये २० टन धरले तर २७० खेपा. त्यात डांबर किती? सुमारे ४० टन, दोन-तीन टँकर.

आता धंद्याच्या नजरेने बघा. दोन-तीन टँकर पाचशे किलोमीटरवरच्या रिफायनरीतून आणले तरी चालतं. २७० डंपर पाचशे किलोमीटरवरून आणणं हा वेडेपणा आहे. खडी ही पृथ्वीवरच्या सर्वांत स्वस्त विकत मिळणाऱ्या वस्तूंपैकी एक आणि त्याच वेळी अतिशय जड. काही अंतर कापलं की भाडंच मालाच्या किमतीएवढं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाने जगभर वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते. एवढा प्रचंड व्यापार, पण तो हजारो लहान लहान वर्तुळांत विभागलेला. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यभागी एक खाण.

आणि मग घड्याळ

वजनाने खाण जवळ ठेवली, उष्णतेने डांबरीकरण करणाराही जवळ ठेवला. खडी आणि डांबर गरम करून मिसळणाऱ्या प्लांटमधून माल साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसला निघतो. तो ८०-९० अंशांच्या खाली गेला की डांबर घट्ट होतं आणि रोलर कितीही फिरवला तरी खडी जागची हलत नाही. म्हणजे भरणं, वाहतूक, पसरणं, दबाई हे सगळं त्या दोन आकड्यांच्या मध्ये उरकायचं. ट्रकमधला ढीग तास-दोन तास ऊब धरतो. एकदा पातळ पसरला आणि गार वारा सुटला की दहा-पंधरा मिनिटांतही माल हातचा जातो.

काम चालू असताना थोडा वेळ उभं राहून पाहण्यासारखं असतं. ताडपत्री झाकलेला डंपर मागे मागे येतो, माल पसरणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे पेव्हरच्या, तोंडाला टेकतो, हौदा उचलतो. ताडपत्रीच्या कडेने धूर निघतो. पेव्हरमागून काळी, चकचकीत, भुसभुशीत चादर बाहेर पडते आणि रोलरवाला जवळजवळ तिच्या शेपटाला चिकटून चालतो. मध्येच डंपर यायला उशीर झाला की पेव्हर थांबतो. सगळे रस्त्याच्या टोकाकडे बघत राहतात, आणि यंत्राखालचा तेवढा पट्टा निवत जातो.

डंपरच्या कडांना आणि वरच्या बाजूला माल आधी थंड होतो, मोठी खडीही घरंगळून तिथेच जमते. प्रत्येक खेपेच्या शेवटी हा निवलेला, जाडाभरडा माल पेव्हरमध्ये पडतो. तिथे दबाई नीट होत नाही, पोकळी राहते, पाणी शिरते. म्हणून काही रस्त्यांवर खड्डे ठराविक अंतराने पडलेले दिसतात. तेवढ्या अंतरात एक डंपर रिकामा झालेला असतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हापासून मी खड्ड्यांमधलं अंतर मोजायला लागलो. वाईट सवय आहे, पण वेळ बरा जातो.

एका ट्रकपासून तिसऱ्या पिढीपर्यंत

आता या धंद्यांची कुंडली लगेच समजते. देश कुठलाही असो, कथानक फारसं बदलत नाही. कुणाच्या तरी जमिनीखाली गोट्यांचा थर निघतो, किंवा कुणीतरी एक वापरलेला ट्रक घेतो. आधी शेजाऱ्यांच्या वाटांवर मुरूम आणि खडी टाकायची. मग चाळणी, मग क्रशर. खडी आहेच, तर गोंद मिसळायला काय हरकत, म्हणून हॉटमिक्स प्लांट. माल गरम असतानाच पसरायचा, तर दुसऱ्याच्या पेव्हरची वाट का बघायची, म्हणून स्वतःचा पेव्हर. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघते. ९५ टक्के माल ज्याच्या आवारात पडला आहे, तोच रस्ता करणार.

मोठी उडी बहुतेक ठिकाणी सरकारी रस्त्यांच्या लाटेबरोबर आली. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या महामार्गांचं जाळं विणायचं ठरलं आणि खडीवाल्यांना पिढीभर पुरेल एवढं काम मिळालं.

बाहेरून दिसत नाही ती बाजू अशी की थंडीत किंवा पावसात हा धंदा काही महिने जवळजवळ बंद असतो, कर्जाचे हप्ते मात्र बंद होत नाहीत. मोसम संपत आला की उरलेलं काम उरकण्याची घाई होते, आणि गार किंवा ओल्या दिवशी घातलेला थर पहिल्यांदा उखडतो.

‘म्हणजे ही मक्तेदारीच झाली की!’

काही अंशी, हो. माल जाऊ शकेल अशा वर्तुळात दोनच प्लांट असतील तर निविदा कितीही खुली असली तरी भाग घेणारे दोनच. दोघं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. संगनमताला याहून सोयीची जमीन नाही. पण केवळ एकच नाव पुन्हा पुन्हा येतं हा त्याचा पुरावा होत नाही. भूगोलही तेच नाव पुढे करतो. हलवता येणारे प्लांट, आणि मालाची चाचणी कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून, या दोन गोष्टींनी वर्तुळ थोडं सैल होतं.

‘लांबून चांगला दगड का आणत नाहीत?’

आणतात, पण पाण्यावरून. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ग्लेनसँडा नावाची ग्रॅनाइटची खाण आहे. तिथला माल जहाजात भरूनच बाहेर जातो. नेदरलँड्ससारख्या देशात कठीण दगड जवळजवळ नाहीच, तो बाहेरून पाण्याच्या वाटेने येतो. जहाजाला वजन जड जात नाही. रस्त्यावरून लांबचा दगड आणायचा झाला तर तो बहुधा फक्त वरच्या थरासाठी, जिथे टायरने घासून गुळगुळीत न होणारा दगड हवा असतो.

‘सरळ काँक्रीट करा ना!’

काँक्रीटच्या घनफळातही ६० ते ७५ टक्के खडी आणि वाळूच असते. आणि तिथेही घड्याळ आहे: पाणी मिसळल्यापासून दीड तासात माल ओता, हा जुना ठोकताळा. म्हणजे खाणही तीच, वर्तुळही जवळपास तेच. काँक्रीट जास्त टिकतं, हे बरोबर. पण खालून पाइप टाकायला ते फोडलं की पहिल्यासारखं जोडणं अवघड, आणि खालची जमीन भिजली तर त्यालाही तडे जातातच.

‘डांबर खाल्लं, दुसरं काय!’

कधी कधी खरंच खाल्लेलं असतं. पण ४० टन डांबरातून चोरी करण्यापेक्षा दबाईतला तासभर वाचवणं सोपं आणि पकडायला कठीण. नव्या थरात हवेच्या पोकळ्या साधारण ६ ते ८ टक्के राहाव्यात अशी अपेक्षा असते. त्याहून बऱ्याच जास्त राहिल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला वाट मिळते. वरून रस्ता काळाभोरच दिसतो.

दुसरा गुन्हेगार ओव्हरलोड ट्रक. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवून चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याचं नुकसान आसावरच्या (ॲक्सलवरच्या) वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. एक टनाच्या आसापेक्षा दहा टनांचा आस दसपट नव्हे, सुमारे दहा हजार पट नुकसान करतो. गंमत अशी की रस्ता मोडणाऱ्या जड ट्रकांत खडी वाहणारे डंपरही असतात.

खाण संपते तेव्हा

खाण सुरू होते तेव्हा वस्तीपासून लांब असते. मग तिच्याच खडीने रस्ते होतात, रस्त्यांमागून घरं येतात, आणि घरांना सुरुंग, धूळ आणि डंपर नकोसे होतात. त्यांचं चूक नाही. दगडाच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. सर्वांत आधी तो क्रशरवरच्या कामगाराला गाठतो, म्हणून पाण्याचा फवारा आणि खडी वाहणारे झाकलेले पट्टे यांत कसूर चालत नाही. जुनी खाण बंद होते, तिच्या खड्ड्यात पाणी साठतं. नवी खाण आणखी लांब उघडते आणि भाडं वाढतं.

म्हणून हल्ली खडीवाल्यांची नजर एका वेगळ्या खाणीवर आहे, ती म्हणजे जुना रस्ता. दातेरी ढोल लावलेलं यंत्र जुना थर खरवडून काढतं. त्यातली खडी आणि डांबर दोन्ही गरम करून नव्या मालात काही प्रमाणात मिसळता येतात. डांबर जुनं होऊन ताठरलेलं असतं, म्हणून प्रमाण बेतानेच ठेवावं लागतं. पण ही खाण नेमकी जिथे रस्ता हवा तिथेच असते, भाडं जवळजवळ नाही.

खरवडलेला काळा चुरा आवारातच रचून ठेवतात. शहाणे मालक त्या ढिगावर छप्पर घालतात, कारण चुरा भिजला की वाळवायलाच इंधन जास्त जळतं.